पियानोच्या पोटातलं चामडं

थंडी पडली की पियानोचा आवाज आमच्या गल्लीत लांबपर्यंत जातो. पावसाळ्यात तोच आवाज ओल्या गोधडीखालून आल्यासारखा येतो, उन्हाळ्यात थोडा कोरडा आणि चिडका लागतो. पण एकदा शेतातला जोंधळा हुरड्याला आला, सकाळी चहाच्या टपरीवर मफलर दिसायला लागले, की शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात पियानो मोकळा होतो. कालच संध्याकाळी मी भाजी घेऊन परत येत होतो. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापाशी पोचलो नाही तोच सूर कानावर आले. इस्त्रीवाला मला म्हणाला, आज टीचर मजेत आहेत. मी म्हणालो, टीचर नाहीत, आमची बायको आहे. तो इस्त्री हातात धरूनच थोडा वेळ ऐकत राहिला आणि मग म्हणाला, असेल की.

मी स्वतः संगीतातला माणूस नाही. गिरणीत वीव्हिंग मास्तर होतो. उभं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं आणि त्यात कानाला वरचे, बारीक आवाज यायचे बंद झाले. कुकरची शिट्टी मला ऐकू येत नाही, पण ट्रक कोपऱ्यावर वळला की कळतो. गिरणी बंद झाल्यावर लोक मला मास्तर म्हणायचे थांबले नाहीत, त्यामुळे नवीन ओळखीच्या माणसाला मी शाळेतला मास्तर वाटतो. पियानोशी माझी ओळख झाली ती त्यातल्या चामड्यामुळे. हे ऐकून लोक हसतात. पण तो एक हिवाळा मला आजही असा आठवतो, जसा एखाद्याला लग्नाचा मांडव आठवावा.

सालोमीबाई आमच्या शेजारी राहतात. मिशनच्या शाळेत इंग्रजी आणि गाणं शिकवून निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगी नीता पुण्यात. सगळी गल्ली त्यांना टीचर म्हणते. त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकून एक उभा पियानो आहे, काळपट लाकडाचा, दोन्ही बाजूंना पितळी मेणबत्तीदाण्या असलेला. त्यांच्या सासऱ्यांनी तो रेल्वेतल्या एका साहेबाकडून घेतला होता. ऐंशीच्या घरातल्या टीचर त्याच्यासमोर बसल्या की पाठ अशी ताठ होते, की मागून बघणाऱ्याला त्यांचं वय सांगता येऊ नये.

माझी बायको पद्मा त्यांच्याकडे पापड पोचवायला गेली होती आणि तासाभरानं परत आली ती शिकायचं ठरवूनच. पन्नाशी उलटलेली बाई. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू; लग्नानंतर कितीतरी वर्षं पद्मानं घरबसल्या विड्या वळल्या. मुलं मोठी झाली, मार्गी लागली, मग तिनं विड्यांचं सूप उचलून माळ्यावर ठेवलं. त्यानंतर तिचे हात रिकामे कसे राहायचे हे तिलाच कळत नव्हतं. टीव्ही बघतानासुद्धा बोटं आपली एकमेकांवर फिरत असायची. टीचरनी तिला पहिल्यांदा कळांवर हात ठेवायला लावला, तेव्हा त्या तिच्या बोटांकडे बघतच राहिल्या म्हणे. म्हणाल्या, "पद्मा, तुझी बोटं अर्धं शिकूनच आलीत. आता फक्त त्यांना सूर दाखवायचे."

हे वाक्य पद्मानं मला त्या दिवशी तीनदा सांगितलं, आणि दर वेळी पदराला हात पुसत सांगितलं.

दोन वर्षं हे मजेत चाललं. मग एका पावसाळ्यात पियानो बिघडला. त्या साली पाऊस भरपूर झाला, भिंतीला ओल आली, आणि सोलापूरकरांना सवय नसलेला दमटपणा महिनाभर घरात मुक्कामाला राहिला. मग पाऊस गेला आणि ऑक्टोबरचं ऊन तापलं. या उलटसुलट हवेनं पियानोच्या आत काय झालं ते वरून दिसत नव्हतं, पण पद्मा घरी येऊन सांगायची. एक कळ दाबली की सूर एकदा वाजतो, लगेच दुसऱ्यांदा दाबली तर गप्प. दुसरी एक कळ एकदाच दाबली तरी दोनदा वाजते, बोबडं बोलल्यासारखी. हळूहळू मधल्या निम्म्या कळांची हीच गत झाली. टीचर वाजवताना मध्येच थांबायच्या, तोच सूर पुन्हा दाबायच्या, आणि मग हात मांडीवर ठेवून बसायच्या.

दिवाळीनंतर एकदा पद्मा लवकर घरी आली. तिनं घासलेला कुकर पुन्हा घासायला घेतला. मी विचारलं, तेव्हा पाठमोरीच म्हणाली की टीचर पुण्याला चालल्या. मुलगी कधीपासून बोलावते आहे. इतके दिवस त्या पियानोचं कारण सांगत होत्या, पुण्याच्या फ्लॅटमध्ये तो मावणार नाही म्हणून. आता तो वाजतच नाही तर कारण कशाला सांगायचं, असं त्यांनीच नीताला फोनवर सांगितलं. संक्रांतीला नीता येणार आणि त्यांना घेऊन जाणार.

मी म्हणालो, दुरुस्त करणारा कुणी असेल की. पद्मा म्हणाली, आहेत एक मुंबईला, टीचरनी विचारलं. ते म्हणाले, पावसाळ्याची कामं साचलीत, उन्हाळ्याशिवाय येता येणार नाही. मग कुकर पालथा घालून ती म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं मशीनच बघितली ना? एकदा बघा तरी."

दुसऱ्या दिवशी मी पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन टीचरच्या घरी गेलो. पियानोची पुढची फळी निघाली आणि मी आत बघितलं. एखाद्याला वाटेल आत तारा असतील. तारा होत्याच, पण त्यांच्यापुढे लाकडाची, कापडाची, चामड्याची अशी इतकी छोटी छोटी माणसं रांगेनं उभी होती, की मला गिरणीचा माग आठवला. मी किती वेळ नुसता कळा दाबत आणि आत बघत बसलो कुणास ठाऊक. टीचरनी चहा दिला, तो गार झाला, त्यांनी दुसरा दिला.

ज्यानं हे कधी बघितलं नाही त्याला सांगतो. कळ दाबली की तिचं मागचं टोक वर येतं आणि एका उभ्या काडीला वर ढकलतं. तिला जॅक म्हणतात. जॅक हातोडीला बुडाशी ढकलतो, हातोडी तारेकडे झेपावते. तारेपाशी पोचायच्या जरा आधी जॅक बाजूला निसटतो, नाहीतर हातोडी तारेला चिकटूनच बसली असती आणि सूर दबला असता. हातोडी तार मारून मागे येते, तेव्हा तिच्या पाठीला लावलेला एक लहानसा गुटका बनातीच्या गादीवर अलगद पकडला जातो, म्हणून ती उसळून पुन्हा तारेवर जात नाही. आपण बोट जरा सैल केलं की जॅक पुन्हा हातोडीखाली सरकतो आणि दुसऱ्या घावाला तयार होतो. बोट कळेवर असताना एवढं सगळं घडतं आणि वाजवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

आता यात चामडं कुठे? हातोडीच्या बुडाला, जिथे जॅक ढकलतो आणि निसटतो, तिथे मऊ चामड्याची पट्टी. आणि तो पकडला जाणारा गुटका, त्याच्यावरही चामडं. बस, एवढंच. पण सगळा नखरा तिथेच. बुडाचं चामडं गुळगुळीत आणि मऊ हवं, म्हणजे जॅक आवाज न करता निसटेल आणि परत सरकेल. गुटक्याचं चामडं मात्र लवदार हवं, म्हणजे गादीला धरून राहील. आमच्या पियानोत बुडाच्या चामड्याला वर्षानुवर्षांच्या घावांनी खाच पडली होती. ओल खाऊन ते फुगलं आणि उन्हात वाळून लाकडासारखं झालं. जॅक त्या खाचेत अडायचा, परत यायचाच नाही. म्हणून दुसऱ्यांदा कळ गप्प. आणि गुटक्यांचं चामडं चकचकीत झालं होतं, लव उडालेली. ते गादीवरून घसरायचं, हातोडी उसळायची, म्हणून सूर दोनदा.

हे लक्षात आल्यावर मला इतका आनंद झाला की मी एकटाच हसलो. कारण हे मला ओळखीचं होतं. मागावर धोटा सूत घेऊन या पेटीतून त्या पेटीत सुसाट जातो. पेटीत आल्यावर तो उलटा उसळू नये म्हणून तिथे एक चामडी पट्टा असायचा. तो पट्टा सैल किंवा कडक झाला की धोटा उसळायचा आणि कापडात दोष यायचा. आयुष्यभर मी माग नीट लावणाऱ्या जॉबर लोकांना तेच सांगत आलो होतो, की आधी चामडं बघा. मी टीचरना म्हणालो की तुमचा पियानो म्हणजे उभा केलेला माग आहे. त्या म्हणाल्या, "बरं झालं हे माझ्या सासऱ्यांनी ऐकलं नाही."

त्या आठवड्यात मला झोपेत पण हातोड्या दिसत होत्या. घरी माळ्यावर मागाच्या चामड्याचे तुकडे पडले होते, म्हशीच्या कातड्याचे, पिवळसर, दणकट. आपल्याकडे चामडं आहे, अवजारं आहेत, आणखी काय पाहिजे, असं मला वाटलं. सुताराकडून सरस आणला. मधल्या काही हातोड्या सोडवून जुनं चामडं वाफेवर सैल केलं, खरवडलं, आणि माझं दणकट चामडं चिकटवून बसवलं. टीचर, पद्मा आणि मी, तिघंही समोर. टीचरनी कळ दाबली.

टक.

सूर नंतर आला, आधी टक. दुसरी कळ, टक. तिसरी वाजलीच नाही, कारण चामडं जाड पडलं आणि जॅकला खाली सरकायला जागाच उरली नव्हती. मी म्हणालो, थोडं वापरलं की बसेल, आणि कळा जोरजोरात दाबायला लागलो. पियानोतून टाइपरायटरसारखा आवाज यायला लागला. पद्मा दोन्ही हात वर करून म्हणाली, चालु, चालु. तेलुगूत चालु म्हणजे पुरे. टीचरना तेलुगू येत नाही. त्या मला प्रेमानं म्हणाल्या की बघा, पद्मा म्हणते चालू ठेवा. मग मीही आज्ञाधारकपणे चालू ठेवलं. शेवटी पद्मानं येऊन माझा हात धरला. अर्थ कळल्यावर टीचर इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. कित्येक आठवड्यांनी त्या खोलीत कुणीतरी हसलं होतं. दुरुस्ती पार फसली होती, पण मी घरी आलो तो हलक्या पावलांनी.

मुंबईच्या त्या गृहस्थांना मी स्वतः फोन केला. मोठे दिलदार निघाले. मी काय केलं ते आधी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की पियानोला हरणाचं कातडं वापरत असत, तेलात कमावलेलं, इतकं मऊ की गालाला लावावं. त्याची मऊ बाजू बाहेर ठेवायची. जाडी जुन्याइतकीच हवी. जाड झालं तर यंत्र अडतं, पातळ झालं तर कळ ढिली पडते आणि बोटाखाली काहीच नसल्यासारखं वाटतं. कडक झालं तर खटखट. वाजवणाऱ्याला सुराचा जोर बोटानं ठरवता येतो तो त्या कातड्याच्या मऊपणामुळे, असं ते म्हणाले. ते कातडं आता सहज मिळत नाही, माझ्याकडचं संपलंय, पण मेंढीचं तेलात कमावलेलं मिळालं तर बघा, असंही म्हणाले.

मेंढीचं तेलात कमावलेलं कातडं सोलापुरात कुठे शोधायचं? मी ढोलकीवाल्याकडे गेलो, चपलांच्या दुकानांत गेलो, पर्स शिवणाऱ्याकडे गेलो. सगळ्यांनी चामडी दाखवली, सगळी चांगली, पण गालाला लावावी अशी एकही नाही. पर्सवाल्यानं तर मी एकेक तुकडा गालाला लावून बघतोय हे पाहून बायकोला आतून बोलावून आणलं.

तेवढ्यात होटगीच्या मल्लिनाथचा फोन आला, हुरडा खायला या म्हणून. मल्लिनाथ गिरणीत माझ्या हाताखाली फिटर होता. गिरणी गेल्यावर गावी परतला आणि वडिलोपार्जित शेत करायला लागला. दर हिवाळ्यात तो आम्हाला बोलावतो. त्या वर्षी पद्माला जायचं मन नव्हतं, पण टीचरच म्हणाल्या की मलाही घेऊन चला, जाण्याआधी एकदा हुरडा खाते. मग आम्ही तिघं रिक्षानं निघालो.

त्या सकाळचं काय सांगू! जोंधळ्याच्या ताटांवर दव होतं आणि ऊन तिरकं पडलं होतं. मल्लिनाथची आई बांधावर चटई टाकून "कूडरी, कूडरी" म्हणत होती, म्हणजे बसा. त्यांच्या घरात कानडी आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात. आगटीत गोवऱ्या फुलल्या होत्या. कणसं भाजून मल्लिनाथ तळहातावर चोळायचा आणि फुंकर मारून हिरवेगार दाणे आमच्या पुढ्यात टाकायचा. सोबत शेंगदाण्याची लाल चटणी, गूळ, घट्ट दही. टीचर पहिल्यांदा चमचा मागत होत्या, मग बघता बघता त्यांचीही हनुवटी चटणीनं लाल झाली. रेल्वेच्या रुळांवरून मालगाडी गेली तेव्हा त्या हात वर करून गार्डाला निरोप देत होत्या, आणि गार्डानंही झेंडा हलवला.

मी मल्लिनाथला पियानोची गोष्ट सांगितली. फिटर माणूस, त्याला जॅक आणि गुटका लगेच समजला. मी कातड्याबद्दल सांगत असताना तो कणीस चोळायचा थांबला.

"गालाला लावावं असं म्हंता?" तो म्हणाला. "मास्तर, आमच्याकडं हाय की. आन्नांनी जीप घेतली हुती तवाचं. पेट्रोल गाळायचं कातडं."

त्याच्या वडिलांना तो अण्णा म्हणायचा. त्यांची जुनी जीप आता गोठ्यामागे कोंबड्यांच्या ताब्यात आहे. त्या काळी पेट्रोलमध्ये पाणी नि कचरा असायचा, म्हणून ते मऊ कातड्यातून गाळून टाकीत ओतायचे. त्याला शामी म्हणत, मेंढीचंच, तेलात कमावलेलं. मल्लिनाथ घरात गेला आणि पत्र्याच्या डब्यातून एक घडी घेऊन आला. एक वापरलेलं होतं ते केव्हाच गेलं, हे दुसरं अण्णांनी कधी उघडलंच नाही, असं त्यानं सांगितलं. मी घडी उघडली. लोण्याच्या रंगाचं, गाईच्या कानासारखं मऊ. टीचरनी ते माझ्या हातून घेतलं आणि गालाला लावलं. डोळे मिटले. आगटीचा धूर आमच्यामधून जात होता.

"घ्या घिऊन," मल्लिनाथ म्हणाला. "हितं कोंबड्यास्नी काय करायचंय त्ये."

पुढचे दिवस म्हणजे आमच्या घरातला सणच. ऐंशीच्या वर हातोड्या, प्रत्येकीला दोन तुकडे, सगळे अगदी सारखे हवेत. मी कापायला घेतले तर माझा एक तुकडा दुसऱ्यासारखा होईना. पद्मानं थोडा वेळ बघितलं. मग ती स्टूल घेऊन माळ्यावर चढली आणि विड्यांचं सूप खाली काढलं. त्यात तिची कात्री होती, टोकाला बोथट न झालेली, आणि पान कापायची पत्र्याची पट्टी. माझ्याकडून तिनं नवी मापं घेऊन पत्र्याच्या दोन लहान पट्ट्या कापून घेतल्या. सूप मांडीवर घेतलं, पाय पसरले, आणि तिची बोटं सुरू झाली. पट्टी ठेव, कात्री फिरव, तुकडा सुपात. मी नुसता बघत राहिलो. इतकी वर्षं ते हात मी बघत आलो होतो, पण तेव्हा त्यांत पोटाची घाई असायची. त्या दुपारी त्यांत खेळ होता. मध्येच ती गुणगुणत होती, टीचरनी शिकवलेला धडा, आणि कात्री त्याच्या ठेक्यावर चालली होती.

शामी जुन्या चामड्यापेक्षा जरा पातळ निघाली, म्हणून खाली टीचरच्या जुन्या लोकरी कोटाच्या कापडाची पट्टी दिली. सरस गरम व्हायला लागला की सगळ्या बोळात त्याचा वास जायचा. शेजारच्या वहिनी दोनदा विचारून गेल्या की मास्तर, काय शिजवताय? बुडांची चामडी बसली, वाळली, आणि कळा अगदी लोण्यासारख्या चालायला लागल्या. पण गुटक्यांपैकी निम्मे अजून घसरत होते. काही हातोड्या झकास पकडल्या जात, शेजारच्याच उसळत. एकच कातडं, एकच माप, एकच सरस. माझी मती गुंग झाली.

ते पद्मानं शोधलं. उरलेला तुकडा तिनं सवयीनं अंगठ्याखाली फिरवला, विडीचं पान फिरवावं तसा. पानाला शीर असते, ती कोणत्या बाजूला आहे हे बघूनच पान कापायचं असतं, हे तिच्या बोटात मुरलेलं. ती म्हणाली की याची लव एका बाजूला बसते आणि उलट फिरवली की उभी राहते. मी माझ्या अंगठ्यानं करून बघितलं. खरंच की. जिथे लव गादीच्या विरुद्ध उभी राहत होती, तिथे हातोडी पकडली जात होती. जिथे लव गादीच्या दिशेनंच निजलेली होती, तिथे घसरत होती. मी चुकीच्या बाजूनं लावलेले सगळे तुकडे काढले. पद्मानं पुन्हा कापले, आणि या वेळी प्रत्येक तुकड्याच्या वरच्या टोकाला खडूचा ठिपका दिला.

तेव्हापासून मी पुष्कळदा या चामड्याचा विचार करत बसतो. लाकडाला आपण सांगू तसं ते उभं राहतं, तारेला ताण दिला की ती ताणाइतकी वाजते. पण माणसाच्या बोटाचा जोर आणि तारेचा आवाज यांच्या मध्ये हे मऊ काहीतरी लागतं. ते एका जागी सोडून देतं, दुसऱ्या जागी धरून ठेवतं. सोडायच्या जागी धरलं तर सूर अडतो, धरायच्या जागी सोडलं तर सूर बोबडा होतो. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, आणि हे मला एका मेंढीच्या कातड्यानं शिकवावं याचं मला हसू येत होतं. पद्माला सांगितलं तर ती म्हणाली की मेंढीला आधीपासून ठाऊक असणार.

संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या जत्रेत पाळणे लागले, बोळातल्या पोरांच्या हातात पिपाण्या आल्या. शेवटची हातोडी आम्ही नीता येणार त्याच दिवशी सकाळी बसवली. सगळा सांगाडा पुन्हा पियानोत बसवून मी फळी लावली आणि बाजूला झालो. मला वरचे सूर ऐकू येत नाहीत, म्हणून मी कळांवर हात ठेवून नुसता घाव तपासायचो. आवाज तपासायचं काम टीचर आणि पद्माचं. टीचरनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक कळ दाबली. मग मधली एकच कळ घेऊन त्यांनी ती बोटं बदलून बदलून इतक्या भराभर वाजवली, की मला ते गावाबाहेरच्या पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखं वाटलं. एकही घाव चुकला नाही. एकही दोनदा पडला नाही. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, हे असं मी शेवटचं केलं तेव्हा माझी नीता पाळण्यात होती."

नीता दुपारी आली. आम्हाला कुणालाच तिला काही सांगायचं सुचलं नव्हतं. खरं म्हणजे टीचरनी मुद्दाम सांगितलं नव्हतं. खिडकी उघडी होती, टीचर वाजवत होत्या, पद्मा बाजूला उभी राहून पानं उलटत होती आणि मी अवजारं आवरत होतो. दाराशी बॅग घेऊन एक बाई उभी असलेली मला दिसली. ती आत आली नाही. तिथेच उंबऱ्यावर बसली, चपला न काढता, आणि भिंतीला डोकं टेकवलं. सूर संपल्यावर टीचरनी वळून बघितलं. मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या.

नीता म्हणाली, "आई, तू मला फोनवर म्हणालीस की पियानो मेलाय."

"मला तसंच वाटलं होतं," टीचर म्हणाल्या.

"मग आता?"

टीचरनी पद्माकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आता सोमवारी हिचा धडा आहे," त्या म्हणाल्या. "पुण्याला मी येईन की. चार दिवस राहीन, नातवंडांना भेटीन. पण परत येण्याचं तिकीट आधी काढ."

नीतानं वाद घातला नाही. तिला वाद घालायचा असेलही, पण ती उठून आली आणि आईच्या शेजारी बाकावर बसली. लहानपणी तिला सरावाचा कंटाळा होता म्हणे, तरी बोटांना काहीतरी आठवत होतं. त्या दोघींनी मिळून एक धून वाजवली, नीताची चूक झाली की टीचर तिच्या मनगटावर बोटानं टिचकी मारायच्या. दारात शेजारच्या वहिनी आल्या, इस्त्रीवाला आला, तिळगुळाचे डबे आले. कुणीतरी माझ्या तोंडात लाडू कोंबला.

मी कोपऱ्यात पाना पुसत होतो. टीचरनी मला हाक मारली. त्या म्हणाल्या की मास्तर, इतके दिवस तुम्ही ही प्रत्येक कळ शेकडो वेळा दाबलीत, पण तपासायला. एकदा वाजवायला दाबा. मी नको नको म्हणत होतो. पद्मानं माझा दंड धरून मला बाकावर बसवलं, डाव्या टोकाला, जिथले सूर खर्जात असतात आणि मला ऐकू येतात. तिनं दोन कळा दाखवल्या. एक ही, मग ही, परत पहिली, असं करत राहा, म्हणाली, बाकीचं मी बघते.

मी पहिली कळ दाबली. ती खरोखर लोण्यासारखी गेली आणि तळातून एक मोठा, गोल आवाज वर आला, जणू कुणी माझ्या छातीवर हात ठेवला. मग दुसरी. मग पहिली. मला ठेका कधी शिकावा लागला नाही, तो मागानं आधीच अंगात भरला होता. पद्माची बोटं उजवीकडे चालायला लागली. वरचे काही सूर मला ऐकू येत नव्हते, पण तिच्या खांद्याच्या हलण्यावरून ते कुठे आहेत हे कळत होतं. मी डोळे मिटून माझ्या दोन कळा चालवत होतो, आणि मला वाटलं आता ही पद्मा किती सुंदर वाजवते आहे.

मग खोलीत हशा झाला. मी डोळे उघडले. पद्माची धून केव्हाच संपली होती. ती हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसली होती, आणि मी एकटाच वाजवत होतो.